रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय, आणि तो खेळणाऱ्यांनीच कसा घडवला

आमचा रविवारचा खेळ आटोपला की घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, मग, जिंकलं कोण? आणि सांगावं लागतं की कुणीच नाही, यात जिंकायचं नसतंच, सगळे एकाच बाजूला असतात आणि तरी तीन-चार तास जीव मुठीत धरून बसलेले असतात. हे ऐकलं की काहींना वाटतं पोरखेळ आहे, काहींना वाटतं फार अवघड भानगड असणार. दोन्ही नाहीये. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, मुख्यतः आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींसाठी, कारण हा खेळ आपल्या घरांमध्ये सहज रुजेल असं मला मनापासून वाटतं.

आधी एक घोळ मिटवू. आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, म्हटलं की आजकाल बहुतेकांना कंप्युटरवरचे गेम आठवतात, तलवार घेतलेला माणूस, लेव्हल वाढतेय, हिट पॉइंट कमी होतायत वगैरे. ते सगळं मुळात टेबलावरच्या खेळातून आलंय. लेव्हल, हिट पॉइंट, एक्स्पीरियन्स, हे शब्द कागद-पेन्सिल घेऊन खेळणाऱ्यांचे, आणि अगदी २०२३ मध्ये एवढा गाजलेला बाल्डर्स गेट ३ सुद्धा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवरच उभा आहे. मी इथे बोलतोय ते या मूळ टेबलावरच्या खेळाबद्दल.

चार-पाच माणसं लागतात. एक जण डीएम होतो, डंजन मास्टर, दुसऱ्या खेळांमध्ये त्याला जीएम, गेम मास्टर म्हणतात. बाकी प्रत्येकाकडे एकेक पात्र, ते कसं आहे, त्याला काय येतं, त्याच्याकडे काय सामान आहे हे एका कागदावर लिहिलेलं, तो कागद म्हणजे कॅरेक्टर शीट. डीएम समोर काय दिसतंय ते सांगतो, खेळणारे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, डीएम त्याचं काय झालं ते सांगतो, की परत पुढे. बस, खेळ एवढाच.

एक उदाहरण घेऊ, आमच्या टेबलावरचं. काळ १७९० च्या आसपासचा धरलाय, अहिल्याबाई महेश्वरला आहेत, आणि इकडे इंदूरच्या राजवाड्यात कुणीतरी एक खोटी सनद दडवून ठेवलीय, ती उजाडायच्या आत बाहेर काढायची. गोष्ट अर्थातच आपली, इतिहासात असं काही नाही. पण राजवाडा सात मजली, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, हे इंदूरच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही, सगळ्यांच्या डोळ्यासमोर तीच एक जागा उभी राहते आणि डीएमचं अर्धं काम तिथेच होतं.

डीएम म्हणाला, पाऊस नुकताच थांबलाय, मागच्या भिंतीशी कुणी नाही, वर चौथ्या मजल्यावर मात्र दिवा हलतोय, काय करता?
आमच्यातली एक ताई गंगी नावाची चोर खेळते, ती म्हणाली, मी चढते.
डीएम म्हणाला, दगड आहे तिथपर्यंत ठीक आहे गं, वरचं लाकूड ओलं आहे, वीस बाजूंचा फासा टाक, चढण्याचे तुझे ३ मिळव, १५ व्हायला हवेत.
पडले ७. अधिक ३, झाले १०.
डीएम म्हणाला, पाय सटकला, पडली नाहीस पण लोंबकळतेयस, आणि लाकडाची एक ढलपी खाली पडली, पहारेकरी वळला, कोण आहे रे तिकडे?
लगेच माझा मामेभाऊ, त्याचं पात्र कीर्तनकार आहे, तो म्हणाला, मी चिपळ्या वाजवत त्याच्यासमोर जातो आणि विचारतो, बाबा रे, विठ्ठलाचं मंदिर कुठाय, मी वाट चुकलो.

आता यात बघा काय काय झालं. गंगीनं चढायचं हे ताईनं ठरवलं, दुसरं कुणी तिला तू चढ किंवा चढू नको म्हणू शकत नाही, डीएमसुद्धा नाही. लाकूड ओलं आहे आणि खाली पहारेकरी आहे हे डीएमनं ठरवलं, ते ताई ठरवू शकत नाही. आणि चढणं जमलं का, हे दोघांनीही नाही ठरवलं, ते फाशानं ठरवलं. मला विचाराल तर आरपीजीचं सगळं मर्म या तीन वाटण्यांत आहे, पाचशे पानी नियमपुस्तकं असतात ती हीच वाटणी बारीक-सारीक प्रसंगांत कशी करायची ते सांगतात. आणि कीर्तनकार पुढे आला ते कुणीच ठरवलं नव्हतं, ना डीएमनं, ना मामेभावानं अर्ध्या मिनिटापूर्वी. फासा कमी पडला म्हणून ते सुचलं. म्हणूनच चांगला डीएम "नाही जमलं" एवढंच म्हणून थांबत नाही, नाही जमलं तर त्याचं काहीतरी होतं, गोष्ट अडत नाही, वळते. आणि जिथे जमलं काय नि न जमलं काय सारखंच, तिथे फासा टाकायलाच सांगू नये, साधं दार उघडायला फासे टाकायला लावणारे डीएम खेळाचा जीव काढतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फाशांकडे येऊ, कारण लोकांना भीती याचीच वाटते आणि गणित खरं तर दहावीच्या आतलं आहे. डी अँड डीमध्ये ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे असतात. यातले १० बाजूंचा सोडला तर बाकीचे पाच म्हणजे भूमितीतले ते पाच सुसम घन, ज्यांची प्रत्येक बाजू एकसारखा सुसम बहुभुज असते आणि प्रत्येक कोपऱ्यावर तेवढ्याच बाजू येऊन मिळतात, असे जगात पाचच होऊ शकतात हे ग्रीकांनाही माहीत होतं. मुख्य काम वीसच्या फाशाचं. त्यावर प्रत्येक आकडा यायची शक्यता सारखी, २० पैकी १, म्हणजे ५ टक्के. गंगीला १५ हवेत, तिचे ३ आहेत, म्हणजे फाशावर १२ किंवा वर यायला हवं, असे आकडे ९, म्हणजे ४५ टक्के. झालं गणित. तिची तयारी ३ ऐवजी ५ असती तर ५५ टक्के, एकेका गुणाला सरळ ५ टक्के, टेबलावर बसून तोंडी होतं.

हे ३ कुठून आले? प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात, ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज आणि लोकांवर पडणारी छाप. साधारण माणसाचा आकडा १० किंवा ११, त्याला अधिक-उणे काही नाही, १६ असेल तर अधिक ३, ८ असेल तर उणे १. जुन्या पद्धतीत हे आकडे सहा बाजूंचे तीन फासे टाकून काढायचे, आणि इथे एक गंमत आहे, तीन फाशांची बेरीज वीसच्या फाशासारखी सपाट नसते. एकूण २१६ जोडण्या होतात, त्यात १८ येणारी फक्त एक, तिन्हीवर ६, आणि १० येणाऱ्या मात्र २७. म्हणजे बहुतेक पात्रं मधली निघणार आणि एखादंच अचाट, जसं जगात असतं. म्हणून माणूस कसा आहे ते तीन फाशांनी काढायचं आणि त्या क्षणी काय झालं ते एका फाशानं, ही निवड मला फार आवडते, स्वभाव मध्याकडे झुकतो, प्रसंग कुठेही जाऊ शकतो.

पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या, अजून एक सुंदर गोष्ट आहे, तिला अॅडव्हांटेज म्हणतात. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल, समजा वरून कुणी दोर सोडून धरलाय, तर वीसचे दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा. गंगी आता फसणार कधी, तर दोन्ही फासे ११ किंवा खाली आले तरच, ५५ टक्क्यांचे ५५ टक्के, म्हणजे साधारण ३०. थोडक्यात ४५ टक्क्यांचे ७० झाले. पण काम फारच अवघड असेल, फाशावर २० च हवेत, तर ५ चे पावणेदहाच होतात. म्हणजे मदत सगळ्यात जास्त कामाला येते ती काम अर्धं-अर्धं असेल तेव्हा, अशक्याला ती फार वाचवत नाही. आणि हे सगळं करायला पुस्तक उघडावं लागत नाही, फक्त अजून एक फासा उचलायचा.

आता हे सगळं आलं कुठून. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा एक युद्धखेळ होता, क्रीगश्पील, त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून मधल्या पंचाला द्यायच्या आणि काय झालं ते पंच सांगायचा. पुढे १८७० च्या दशकात काही जण म्हणायला लागले की एवढे तक्ते आणि फासे कशाला, अनुभवी पंचानं आपल्या अकलेनं ठरवावं. हा पंच म्हणजे डीएमचा पणजोबा म्हणा. पण त्यात तुम्ही पलटण असायचात, माणूस नाही.

माणूस झाला १९६९ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत. तिथे डेव्हिड वेझली नावाच्या खेळाडूनं नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली, ब्राउनश्टाइन नावाच्या कल्पित जर्मन गावाभोवतीची, आणि सैन्याबाहेरच्याही भूमिका वाटून टाकल्या, कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. झालं काय की लढाई राहिली बाजूला आणि लोक एकमेकांशी बोलायला, कट करायला लागले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. वेझलीला वाटलं डाव पार फसला. पण खेळणारे म्हणाले, परत कधी? मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो, खेळ कुठे आहे ते बनवणाऱ्याच्या आधी खेळणाऱ्यांना कळलं.

त्या खेळणाऱ्यांत डेव्ह आर्नेसन होता. त्यानं ब्लॅकमूर नावाचं राज्य रचलं, किल्ल्याखालची भुयारं काढली, आणि तीच पात्रं आठवड्यामागून आठवडे वाढत राहतील असा सिलसिला चालू केला, ज्याला आज कॅम्पेन म्हणतात. १९७२ च्या शेवटाला त्यानं तो विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाला जाऊन गॅरी गायगॅक्सला दाखवला, गायगॅक्सनं झपाटल्यासारखे नियम लिहून काढले, आणि १९७४ मध्ये टीएसआर या त्याच्या छोट्या कंपनीनं तीन पुस्तिकांचा डबा काढला, डंजन्स अँड ड्रॅगन्स, पहिल्या १००० प्रती.

आणि इथून पुढे जे झालं ते मला खरं सांगायचंय. त्या पुस्तिका वाचून नवख्याला खेळ कळायचाच नाही, एवढे धागे सुटलेले होते. मग लोकांनी काय केलं, ते धागे आपापले जोडले. आमची गंगी चोर आहे म्हटलं ना, तो चोर हा प्रकार त्या तीन पुस्तिकांत नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या एका हॉबीच्या दुकानात जमणाऱ्या मंडळींनी तो बनवला, गायगॅक्सला फोनवरून कळवला, त्याला पटला, आणि १९७५ च्या पुरवणीत तो अधिकृत झाला. आज जगभर कुणीही चोर खेळतं ते त्या दुकानातल्या लोकांचं देणं आहे.

त्याच १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी अलारम्स अँड एक्स्कर्शन्स नावाचं चाहत्यांचं मासिक सुरू केलं. पद्धत अशी की प्रत्येकानं आपली पानं आपण लिहून पाठवायची, कुणी नियम, कुणी आपल्या टेबलावरची हकीगत, कुणी मागच्या अंकातल्याशी भांडण, ती सगळी एकत्र बांधून सगळ्यांना जायची, की पुढच्या अंकात उत्तरं. इंटरनेट नव्हतं तेव्हाची ही गोष्ट, आणि ते पुढे कितीतरी दशकं निघत राहिलं. जेन कॉन ही खेळाडूंची जत्रा तर डी अँड डीच्याही आधीची, १९६८ ची, लेक जिनीव्हाच्या एका हॉलमध्ये भरलेली, आता इंडियानापोलिसला दर वर्षी हजारो लोक जमतात.

मधे वाईट दिवसही आले, १९८० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ पोरांना बिघडवतो, सैतानाच्या नादी लावतो असा मोठा गाजावाजा झाला, त्या आरोपांत तथ्य निघालं नाही आणि तो विषय हळूहळू विरला. आपल्याकडेही कुणी काकू विचारतील की हे भूतखेत काय चाललंय, तर त्यांना शेजारी बसवून घ्या, तासाभरात त्याच सांगायला लागतात की त्या पहारेकऱ्याला जेवायला द्या, तो ऐकेल.

चाहत्यांची ताकद अगदी अलीकडे दिसली. टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेली, आणि २००० मध्ये विझर्ड्सनी खेळाचे मूळ नियम एका खुल्या परवान्याखाली दिले, त्यावर कुणीही आपली पुस्तकं काढावीत, विकावीत. शेकडो लहान-मोठे लेखक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलायचा मसुदा बाहेर फुटला, आणि खेळणारे असे काही उठले, लोकांनी पैसे भरलेली सदस्यत्वं रद्द केली, पत्रं लिहिली, व्हिडिओ केले, की महिना संपायच्या आत कंपनीनं जुना परवाना तसाच ठेवला आणि वर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या परवान्याखाली देऊन टाकले, जे आता परत घेता येत नाहीत. चारशेएक पानं आहेत ती. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण तो आपल्या कामाचा आहे, श्रेय देऊन कुणीही ते नियम मराठीत आणू शकतं, छापू शकतं, विकूसुद्धा शकतं, कुणाची परवानगी नको. मला हे अजूनही सुखद वाटतं की पन्नास वर्षांच्या या खेळाची दारं खेळणाऱ्यांनीच धक्का मारून आपल्यासाठी उघडी ठेवलीत.

आणि ड्रॅगन आवडत नसतील तर डी अँड डीच खेळायला हवं असंही नाही. १९७७ चा ट्रॅव्हलर अंतराळातला, त्यात तर पात्र तयार करता करताच मरू शकायचं. १९८१ चा कॉल ऑफ कथुलू भीतीचा, शंभराच्या हिशोबातले टक्के, ६० टक्के असतील तर ६० किंवा कमी पडायला हवं, आणि जितकं भयानक बघाल तितकं मन ढासळत जातं. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून एक वेगळीच धाटणी निघाली, सहाचे दोन फासे, १० किंवा वर पूर्ण जमलं, ६ किंवा खाली गडबड, आणि ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी किंमत देऊन. ३६ पैकी १५ जोडण्या या मधल्या खान्यात पडतात, म्हणजे दहातून चार वेळा "हो, पण" असं उत्तर येतं, आणि गोष्ट रंगते ती या "पण"मध्ये. नवख्यांना मी बरेचदा याच धाटणीचा खेळ सुचवतो, मुख्य नियम एक-दोन पानांत मावतात.

अजून एक, खेळायच्या आधी सगळ्यांनी बसून बोलायचं, कुणाला कोणता विषय नको आहे, लहान कोण आहेत, किती रक्तपात चालेल. त्याला सेशन झिरो म्हणतात. एक्स-कार्ड पण असतं, टेबलावर मधे एक्स काढलेलं कार्ड ठेवायचं, कुणाला काही नकोसं झालं तर त्याला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, तो भाग सोडून पुढे जायचं. हेही खेळणाऱ्यांनीच काढलं आणि फुकट वाटलं. आपल्याकडे एका टेबलावर बारावीची पोरगी, तिचा काका आणि शेजारचे आजोबा असे तिघं बसू शकतात, त्यामुळे हे नक्की करा, लाजू नका.

इंदूरच्या मराठी लोकांना नाटकाचं वेड आहे, सानंद या इथल्या संस्थेच्या प्रयोगाला गर्दी करणारे आपण, म्हणून बरेच जण म्हणतात हे नाटकच झालं की. नाही हो. इथे संहिता नाही आणि प्रेक्षक नाही, आवाज बदलून बोललंच पाहिजे असंही नाही, "माझा माणूस त्याला धमकी देतो" इतकं म्हटलं तरी पुरतं. २०१५ पासून क्रिटिकल रोल नावाचा ग्रुप ऑनलाइन खेळून दाखवतो, त्यांनी लाखो लोकांना या खेळात आणलं, पण ते व्यवसायानं आवाजाचे कलाकार आहेत, त्यांच्याशी तुलना करत बसू नका. आपली इंदुरी मराठी चालेल, मधे हिंदी येऊ द्या, पहारेकरी "कौन है भिया" म्हणाला तर उलट बरंच.

सुरुवातीला खर्च काही नाही. लुडोतले दोन फासे, नाहीतर मोबाइलवर डाइस अॅप, कागद, पेन्सिल. बसायला लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, कुणाच्याही घरी दुपारची वेळ बघा, कॅफेत रविवारी एकमेकांचं ऐकू येत नाही. पोहे-जिलबी आधी खाऊन घ्या, पाकाच्या हातानं कॅरेक्टर शीटची वाट लागते. पहिल्यांदा डीएम होणाऱ्यानं पानंच्या पानं गोष्ट लिहून आणू नये, लोक तिकडे जातच नाहीत. एक जागा घ्या जी सगळ्यांना माहीत आहे, एक माणूस घ्या ज्याला काहीतरी हवंय, एक अडचण, आणि दोन-तीन नावं लिहून ठेवा कारण पहारेकऱ्याचं नाव काय हे कुणीतरी विचारणारच. बाकी टेबलावर विचारा, काय करता? पहिल्या दिवशी दोन तासांत थांबा, गोष्ट अर्धी राहिली तरी राहू द्या, आणि उठायच्या आधी पुढची तारीख सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून घ्या, कारण एकदा माणसं पांगली की कुणाची परीक्षा, कुणाची शिफ्ट, कुणाच्या चुलतबहिणीचं लग्न, आणि चालू असलेली कॅम्पेन बंद पडतात ती बहुतेक याच कारणानं.